विरुद्ध पक्ष क्रमांक चार

कोकिळाबाई पोहाणे आर्वीच्या एका पतसंस्थेसाठी दैनिक बचत गोळा करायच्या. नवरा प्रभाकरराव जिनिंगमध्ये कामाला होता. तिथं कापसाची गाठ पाठीवर पडली आणि त्याचं काम सुटलं, तेव्हापासून घर कोकिळाबाईंच्या फिरण्यावर चालायचं. खांद्याला पर्स, हातात पावती काढायचं लहानसं मशीन, डोक्यावर ओला दुपट्टा. भाजीवाल्या, न्हावी, चहाच्या टपऱ्या, सगळीकडून रोजचे वीस-पन्नास घ्यायचे आणि संध्याकाळी पतसंस्थेत भरायचे. कमिशन थोडं, पण मान होता. कुठल्याही दुकानात गेल्या की कुणीतरी स्टूल पुढे सरकवायचं.

सुलोचना त्यांच्या गल्लीतच समोर राहायची. बांगड्यांचं छोटं दुकान होतं तिचं. नवरा अपघातात गेला, तेव्हा विम्याचे पैसे आले. ते कुठं ठेवावे हे तिनं कोकिळाबाईंना विचारलं. मुलगी रुचिका तेव्हा शाळेत होती, तिला पुढे नर्सिंगला घालायचं होतं. कोकिळाबाईंनी तिला पतसंस्थेत नेलं, मुदत ठेव करून दिली, पावती घरी आणून हातात दिली. स्वतःची चार वर्षांची शिल्लकही त्यांनी तिथंच ठेवली होती. दुसरीकडे ठेवायचं मनातही आलं नव्हतं.

मुदत संपली त्या दिवशी दोघी मिळून काउंटरवर गेल्या. मॅनेजर म्हणाला, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात म्हणाला, कर्जवसुली अडकली आहे, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर शटर अर्धंच उघडं असायचं, आणि होळीच्या सुमारास तेही बंद झालं. अध्यक्षांचं घर मात्र गावातच होतं. गाडीही दारात उभी असायची.

लोक अध्यक्षांच्या दारी गेले नाहीत असं नाही, गेले. पण तिथं फाटक होतं. कोकिळाबाईंच्या घराला फाटक नव्हतं. सकाळी प्रभाकरराव दात घासायला ओट्यावर आला की कुणीतरी बसलेलंच असायचं. "बाई कुठी हाय? आमचे पैसे कोण देणार?" कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं. एका न्हाव्यानं तर प्रभाकररावाची दाढी करायचंच नाकारलं. कोकिळाबाई बाजारात जायच्या तर मागच्या बोळातून. चक्कीवाला म्हणाला, "दळण ठेवा बाई, पण पैसे आधी द्या." त्या दिवशी दळण न देताच त्या परत आल्या, आणि रात्री घरात नुसती खिचडी झाली.

मग वर्ध्याच्या ग्राहक आयोगाची नोटीस आली. तक्रारकर्ती सुलोचना. विरुद्ध पक्ष एक पतसंस्था, दोन अध्यक्ष, तीन मॅनेजर. आणि चौथ्या क्रमांकावर कोकिळा प्रभाकर पोहाणे, अभिकर्ता, म्हणजे एजंट.

नोटीस हातात घेऊनच त्या गल्ली ओलांडून गेल्या.

"माह्यं नाव काऊन टाकलं व?"

सुलोचना बांगड्यांचे डबे पुसत होती. तिनं वर पाहिलं नाही. "वकील म्हणे, टाकाच लागते. पावती तुम्ही आणून देल्ली होती."

"माह्ये पैसे बी तिथंच बुडाले, तुले मालूम हाय."

"मालूम हाय, ताई. पण मी कोणाले धरू? अध्यक्ष तर मले वळखत बी नाई."

कोकिळाबाई परत आल्या आणि नोटीस देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली.

तारखा सुरू झाल्या. आर्वीहून वर्ध्याला जायला सकाळची एकच एसटी सोयीची, त्यामुळे दोघींना एकाच गाडीत बसावं लागायचं. सुलोचना पुढे ड्रायव्हरच्या मागे बसायची, कोकिळाबाई शेवटच्या बाकावर. आयोगाच्या व्हरांड्यातही एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं. आत पुकारा व्हायचा आणि समोरचा वकील मुदत मागायचा. कधी कागद आले नाहीत, कधी वकीलच आले नाहीत, कधी आयोगाचे सदस्य रजेवर. पुढची तारीख घ्यायची आणि स्टँडवर येऊन गाडीची वाट पाहत बसायचं. दुकान बंद ठेवल्यानं सुलोचनाचा दिवस बुडायचा. कोकिळाबाई तेव्हा एका खानावळीत पोळ्या लाटायला लागल्या होत्या, त्यांचाही बुडायचा.

वैशाखातल्या एका तारखेला सुलोचनाला स्टँडवर भोवळ आली. फलाटाच्या खांबाला धरून ती खालीच बसली. लोक नुसते पाहत होते. कोकिळाबाईंनी तिला सावलीत ओढलं, तोंडावर पाणी मारलं, आपला दुपट्टा भिजवून डोक्यावर टाकला. पर्समधल्या रुमालात बांधलेला गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला.

"सकाळी काही खाल्लं नाई काय व?"

"नाई. मन नाई होऊन राह्यलं ताई खायचं."

त्या दिवशी परतताना दोघी एका बाकावर बसल्या. वाटेत आंजी गेलं, खरांगणा गेलं, सुलोचनाच्या डोक्यावर तो दुपट्टा तसाच होता. त्यानंतर मात्र एकीच्या डब्यात पोळी-ठेचा असला की दुसरी कांदा आणायची. पैशांचं नाव दोघींपैकी कुणी काढत नसे.

पावसाळ्यात एका संध्याकाळी मॅनेजर कोकिळाबाईंच्या घरी आला. जुन्या ओळखीचं हसला, प्रभाकररावाच्या पाठीची चौकशी केली, मग कामाचं बोलला. "बाई, तुम्ही येवढंच लिहून द्या, का सुलोचनानं स्वतःहून ठेवीची मुदत वाढवून मागितली होती. बाकी आमचा वकील पाहून घेईल. तुमची ठेव साहेब महिन्याभरात मोकळी करून देतात."

तो गेल्यावर प्रभाकरराव भिंतीकडे तोंड करून पडला. मग म्हणाला, "देऊन टाक ना लिहून. तिनं नाई तुह्यं नाव टाकलं?"

"टाकलं."

"मंग?"

"मंग काय. तिनं मुदत नाई वाढवली. मीच संगं गेलती त्या दिवशी."

"किती दिवस पोळ्या लाटशीन अशा?"

कोकिळाबाई रात्रभर जाग्या राहिल्या असं काही नाही; दमल्या होत्या, झोपल्या. पण पुढच्या तारखेला त्यांनी आयोगातल्या बाबूकडून कागद घेतला, आवारातल्या टंकलेखकाकडून आपला जबाब टाइप करून घेतला, आणि वकिलाशिवाय उभ्या राहिल्या. मुदत संपली त्या दिवशी तक्रारकर्ती पैसे मागायला आली होती, मी सोबत होते, मुदत वाढवण्याचा अर्ज तिनं केला नाही, माझ्यासमोर कुणी तो मागितलाही नाही. एवढंच त्यात होतं. पतसंस्थेच्या अध्यक्षांचा वकील म्हणाला, या दोघी रोज एका डब्यात जेवतात. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "मग तक्रारीत यांचं नाव कशाला?" सुलोचना उठली, काहीतरी बोलायला गेली, आणि रडायला लागली.

निकाल हिवाळ्यात लागला. पतसंस्था, अध्यक्ष आणि मॅनेजर यांनी ठेव व्याजासह परत करावी, त्रासापोटी वेगळी भरपाई द्यावी. चौथ्या विरुद्ध पक्षाविरुद्धची तक्रार खारीज. दोघींनी स्टँडवर चहा घेतला. सुलोचनानं पेढे घ्यायचं म्हटलं, कोकिळाबाई म्हणाल्या, हाती येऊ दे आधी.

हाती लगेच काही आलं नाही. आदेश पाळला नाही म्हणून वसुलीचा अर्ज करावा लागला आणि तारखा पुन्हा सुरू झाल्या. अध्यक्षांवर वॉरंट निघालं तेव्हा कुठं त्यांनी थोडी रक्कम भरली, मग आणखी थोडी. निम्म्याहून जास्त अजून बाकी आहे. रुचिकानं नर्सिंगचा नाद सोडला. ती आता औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते आणि आईला म्हणते, आता नको जाऊ तिकडे. सुलोचना जाते.

थोडे पैसे आल्यावर ती एकदा कोकिळाबाईंकडे आली. "ताई, आता तुमच्या ठेवीसाठी बी तुमच्या नावानं तक्रार टाकू. मले सारं मालूम झालं, वकिलाचं बी काम नाई."

"मले नाई होत आता, सुलोचना. पुन्हा ती गाडी, तो व्हरांडा."

"मी येतो ना संगं."

"पाहू," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि पाहू म्हणण्यातच सहा महिने गेले.

परवा एक तरुण त्यांच्या दारी आला होता. कुठल्याशा नव्या फायनान्स कंपनीचा, गळ्यात ओळखपत्र. "काकू, बाजारात तुमची लय वळख हाय म्हणतात. कलेक्शनले तुमच्यासारखं माणूस पाहिजे."

कोकिळाबाई खानावळीतून नुकत्याच आल्या होत्या, कपाळाला पीठ तसंच होतं. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, तांब्याभर पाणी आणून दिलं.

"पाणी पे बाबू," त्या म्हणाल्या. "अन् जाय."