गोधडीतला फ्रीज

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे फ्रीजला गोधडी गुंडाळणं. वर ज्वारीचं पोतं ठेवलं, पुढं शेळी बांधली. गावात सर्वेवाली पोरगी फिरत होती. कुणाचं राहणीमान कसं आहे ते मोबाईलात भरून घेत होती. फ्रीज सापडला की पिवळं रेशनकार्ड गेलं, असं पारावर ऐकलं होतं. पारावर ऐकलेलं मी कधी तपासत नाही.

बायको गाठ मारता मारता हसून बेजार.

"अवो, पोरीनं इचारलं गोधडीत कोन हाय, तर?"

"सासूबाई हायेत म्हन."

"अन् सासूबाई घुरघुरत्यात कशापायी?"

"जित्तेपनी काय कमी घुरघुरायची?"

फ्रीज बुटका. शिर्डीच्या एका लॉजनं काढून टाकलेला, दारावर खोलीचा नंबर अजून आहे. बायकोनं शेळीची करडं विकून आणला. उन्हाळ्यात मी त्यात बंडी गार करायला ठेवायचो. भाजीला घामाचा वास येतो म्हणून ती शिव्या घालायची.

दुपारी पोरगी आली. मी फाटका सदरा घालून ओट्यावर बसलेलोच होतो.

"बाबा, पंखा आहे?"

"हाय, फिरत न्हाई."

"टीव्ही?"

"हाय, दिसत न्हाई."

"गाडी?"

"पाय हायेत. त्येबी दुखत्यात."

तेवढ्यात बायकोनं पोरीचं तोंड बघितलं. उन्हानं लाल झालेलं. झालं. शेळी बाजूला ओढली, पोतं माझ्या अंगावर लोटलं, गोधडी सोडली अन् गार बाटली काढली. बाटलीमागून माझी बंडी पडली.

पोरगी बंडीकडं बघतच राहिली.

"पी बाई," बायको म्हणाली. "अन् लिव्ह. फ्रीज एक. कुकर दोन. मिक्सर हाय. पंखा फिरतो, ह्यांनी बटन बंद केलंय. मी लगीन हून आले तवा दोन पातेली हुती, त्यातलं एक शेजारनीचं. आमचं राहणीमान चांगलं हाय. मी केलंय ते."

पोरगी निघाली तसा अनवाणी मागं पळालो, मारुतीच्या देवळापाशी गाठली. म्हणालो, "म्हातारी भ्रमिष्ट हाय. वस्तू भावकीच्या हायेत, संभाळाया दिल्यात. खोड समदं." पोरीनं खोडलं.

घरी येऊन तोऱ्यात सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"माझा संसार खोडून आलात? लोकाच्या वस्तू राखनारी करून ठिवलीत मला? उद्या जाऊन परत लिव्हून आना."

"बघू," म्हणालो. मी आडमुठा माणूस. हो म्हणायला काही पैसे पडत नव्हते, पण म्हणालो नाही.

पहाटे ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. दुपारच्या आत सगळं उरकलं. मला रडायला जमेना, तर लाकडं ओली आणली म्हणून भावकीला शिव्या दिल्या. लाकडं चांगली वाळलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत गेलो. सर्वेवालीचा गावातला शेवटचा दिवस होता. मी सुतकात, म्हणून शिपायानं दारातच अडवलं. मग दारातूनच ओरडलो. आत बसलेल्या समद्यांनी ऐकलं.

"पोरी, फ्रीज एक, आमचाच! कुकर दोन! मिक्सर! पंखा फिरतो!"

"बाबा, कार्डाचं काय होईल मला सांगता येत नाही हां."

"नगं सांगू. अन् म्हातारी भ्रमिष्ट नव्हती, त्येबी लिव्ह."

"त्याला रकाना नाही बाबा."

"मग एवढा मोठा मोबाईल कशाला घेतलाय?"

तिनं बाकीचं भरलं. एकदा माझ्याकडं बघितलं अन् बटण दाबलं.

"आता हे बदलता येणार नाही, बाबा."

"नको यायला," म्हणालो.