वरच्या खोलीतला चहा

आमच्या फुटबॉल क्लबात वरच्या मजल्यावरचा चहा कोणी पीत नाही. तिथे एकच खोली आहे, संघबांधणीची. कोणाला काढायचं ठरलं की तिथून फोन येतो, "वर ये रे, चहा घेऊ." गेलेला माणूस खाली येतो तो आपलं कपाट रिकामं करायलाच. त्यामुळे खेळाडू तिथे पाणीसुद्धा मागत नाहीत.

त्या खोलीत बसतो माझा सख्खा थोरला भाऊ. आणि उजव्या बाजूचा बचाव सांभाळतो माझा नवरा. संघात त्याला खांब म्हणतात, कारण जिथे उभा करा तिथे उभा. डावीकडे खेळशील? चालेल. गुडघ्यात सुई टोचून उतरशील? चालेल. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, काय गुणी माणूस मिळाला! आता त्या 'चालेल'ने माझं डोकं उठतं.

गेल्या हंगामाआधी दादा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. लीगचा नियम असा, की सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून एका मर्यादेत बसले पाहिजेत. कर्णधाराला ठेवायचं तर जागा होत नव्हती. म्हणून दादाने खांबाला पगार उतरवायला सांगितला, वर कराराची हमीही सोडायला सांगितली. हमी असली की मध्येच काढलेल्या खेळाडूचाही पगार द्यावा लागतो, आणि तो मर्यादेत मोजला जातो. नसली की सोड म्हटलं की सुटला. मी तिथल्या तिथे भांडले.

"अगं, घरचा माणूस आहे," दादा म्हणाला. "त्याला मी हात लावीन का?"

"चालेल," खांब म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

यंदा लीगचं उत्पन्न घसरलं आणि ती मर्यादाच खाली आली. बातमी कळली तेव्हा मी औषधांच्या दुकानात काउंटरवर होते. कर्णधाराला काढून काही वाचणार नव्हतं, गोल मारणाऱ्या त्या नखरेबाजालाही नाही. दोघांना हमी आहे. नवी पोरं स्वस्त. उरले मधले, आणि त्यातही ज्याला काढलं तर क्लबला काडीचा भुर्दंड नाही असा शहाणा एकच, माझ्या घरातला.

संघ नक्की करायचा दिवस आला; मुदत संध्याकाळी संपणार होती. मी रजा टाकून घरी आले. खांब टेबलाशी बसून बुटांना नाड्या ओवत होता. ओवलेल्या काढायचा, परत ओवायचा. समोर फोन.

"त्याला तूच कर ना फोन," मी म्हटलं. "विचार सरळ."

"करेल तो."

"करेल म्हणे! याच क्लबातून निवृत्त व्हायचं म्हणतोस ना? मग बस नाड्या ओवत."

त्याने दुसरा बूट घेतला. त्याच वेळी फोन वाजला आणि मी झडप घालून उचलला. कपडे धुवायचं मशीन दुरुस्त करणारा होता, उद्या येऊ का विचारत होता. मी त्या बिचाऱ्यावरच खेकसले.

मग दाराची बेल वाजली. दारात दादा, रात्रभर झोपला नसावा असा.

"फोनवर बोलायला जीभ रेटेना," तो म्हणाला.

"ये ना, बस. चहा टाकते. तुमच्यात तशीच पद्धत आहे ना?"

त्याने मान खाली घातली. मला त्याची कीव आली आणि त्या कीवेचाच राग आला. तीन कप भरून मी टेबलावर आपटले. कोणी हात लावला नाही.

दादाने खिशातून कागद काढला. "एक वाट आहे. सगळ्यात खालचा पगार, नव्या पोरांना देतो तो. हमी नाही. पण तू संघात राहशील. मालकांशी भांडून आणलंय मी हे. मुदत संपायच्या आत सही हवी." त्याने पेनाचं टोपण काढून पेन खांबाच्या पुढ्यात ठेवलं. "तुला काढायचं नाहीये रे मला."

मी ओट्याला टेकून उभी होते. आता 'चालेल' म्हणणार, झालं! म्हणाला तर पेन हिसकावून घ्यायचं, एवढं मी मनाशी ठरवलं होतं.

खांबाने कागद शेवटपर्यंत वाचला. गेल्या वेळी वाचलासुद्धा नव्हता.

"दादा, पुढच्या वर्षी मर्यादा अजून खाली आली, तर तू कोणाकडे जाशील?"

दादाने घड्याळात बघितलं.

"माझ्याचकडे येशील. कारण मी सही करतो." त्याने पेनाला टोपण लावलं. "नाही दादा. काढ मला."

मी वर्षानुवर्षं हा शब्द ऐकायला टपले होते. ऐकला, आणि ते पेन उचलून मीच त्याच्या हातात द्यावं असं वाटलं.

"अरे, विचार कर," दादाने कागद परत त्याच्याकडे सरकवला.

"केला. चहा घे, निवतोय."

दादाने दोन्ही हातांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि तसाच उठून गेला. क्लबात जाऊन त्याला ते कळवायचं होतं.

खांब कप विसळायला लागला. मी म्हटलं, "राहू दे, मी करते."

"चालेल," तो म्हणाला, आणि तिथेच ओटा धरून हमसून हमसून रडला.