गंगाक्काची झेंडी

आज तुरीच्या ओल्या पोत्यांचा वास आला आणि, बाळांनो, आमच्या गावचं रेल्वे फाटक आठवलं. तिथून फक्त तुरीची मालगाडी जायची. फाटकवाला अण्णा अर्धांगानं अंथरुणावर होता, म्हणून वर्षानुवर्षं झेंडी त्याची बायको गंगाक्का दाखवायची. लाईन बंद झाली तेव्हा रेल्वेच्या साहेबांनी अण्णाला खाटेसकट फाटकावर आणवून शेवटच्या गाडीसमोर हार घातला.

"मला दुसऱ्या फाटकावर काम द्या की, साहेब," अक्का म्हणाली.

"तुम्ही कुठं नोकरीत होतात?"

"मग गाडी तुमीच सोडा!" तिनं झेंडी काखेत मारली.

साहेबांनी हात हलवला. ड्रायव्हर ओरडला, "अक्कानं दावल्याबिगर हलायचं न्हाई!"

शेवटी साहेबांनी तिलाच विनवलं. आम्ही मुलं तेव्हा खूप हसलो. आज संताप होतो. काम दिलं नाहीच, वर गाडी जाताच, सरकारी वस्तू म्हणून, त्यांनी तिच्या हातातली झेंडी काढून घेतली.