आवाज जुळवायला गेलो तेव्हा

किस्से गोळा करायला आम्ही गेलोच नव्हतो. गेलो होतो आवाज गोळा करायला! आवाज सगळे कंपनीला दिले, किस्से माझ्याकडेच साचत गेले.

काम सोपं होतं. माणसाने एकच वाक्य चार वेगवेगळ्या फोनवर बोलायचं आणि हा तोच माणूस, हे मशीनने ओळखायचं. पुढेमागे बँकेची कामं फोनवर, नुसत्या आवाजावर व्हावीत म्हणून ही चाचणी. मी माणसं जमवायचे, मंदार लॅपटॉप सांभाळायचा. कर्जत-खालापूर आमच्याकडे होतं.

*

वाक्य होतं, 'आज मी वरण, भात आणि भेंडीची भाजी खाल्ली.'

कर्जतजवळच्या एका आजोबांनी ते ऐकून फोन खालीच ठेवला. "आज चतुर्थी हाय. उपासाच्या दिवशी खोटं बोलायला लावता?"

"आजोबा, खायचं नाही. फक्त बोलायचंय," मंदार म्हणाला.

"मग खोटं काय, खायचं असतं काय रं?"

*

चौक गावचे गॅरेजवाले हमीदभाई तीन फोनवर पास झाले आणि स्वतःच्याच मोबाइलवर नापास! मंदार अर्धा तास डोकं खाजवत बसला. मग लक्षात आलं, हाताचं ग्रीस लागू नये म्हणून भाईंनी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर बांधलं होतं.

"भाई, तेवढी पिशवी काढा ना."

"काढतो. पण तुमी गेलात की परत घालणार. मशीनला सांगा, पिशवीतला पण मीच हाय!"

मंदारने त्या दिवशी तक्त्यात नवा रकाना आखला : पिशवी.

*

कर्जतमध्येच दोन सख्ख्या बहिणी, दोघीही निवृत्त शिक्षिका. लँडलाइनवर मशीनने दोघींना एकच बाई ठरवलं.

धाकटीने चष्मा काढला. "अहो, आमच्यात आठ दिवस अबोला आहे. मग तो कोणाचा कोणाशी?"

आतून थोरलीचं हसू ऐकू आलं.

*

लोधिवलीची वनिता मात्र मला अजून आठवते. पहिल्या फेरीला सासू, दीर, नवरा सगळे भोवती बसले होते. तिने खाली बघत वाक्य म्हटलं. निघताना दारापाशी हळूच विचारलं, "ताई, माझं खातं माज्या आवाजावर चालंल ना?"

पहिल्या आवाजाशी जुळवून बघायला दुसऱ्या फेरीला गेलो, तेव्हा घरचे लग्नाला गेलेले. ती एकटीच होती. हसत होती, मध्येच गुणगुणतही होती. वाक्य तेच, फोनही तोच.

मशीन म्हणालं, 'ओळख पटली नाही.'

मंदारने वायर बदलली. पुन्हा तेच. पाच वेळा तेच.

"ताई, मीच हाय ओ!" वनिता फोनमध्येच ओरडली. तरीही नाहीच.

तेवढ्यात नवरा दारात. आहेराची पिशवी विसरली म्हणून परत आला होता. "काय चाललंय गं?"

फोन तिच्या तोंडाशीच होता. मान खाली गेली.

"काय नाय. ताई आल्यात, त्यांना आवाज देतेय."

लॅपटॉप टिंग वाजला. मंदारने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

'ओळख पटली.'