मुंजाजीकाकांच्या फोनातले डॉक्टर

मुंजाजीकाकांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे, तीही डोक्याइतकी उंच. त्यामुळं त्यांच्याकडं काय शिजलं, कोण रुसलं, कोणती शेळी व्याली, हे मला न विचारता कळतं. झरीच्या अलीकडं आमचं लहानसं गाव. काकांचं थोडं कोरडवाहू रान आहे, आणि शेळ्या आहेत. शेळ्यांवरच घर चालतं. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. खोड एकच. समोरचा ठासून बोलला की काकांना ते पटायचंच. एकदा परभणीहून येताना जीपमध्ये शेजारच्या माणसानं ठासून सांगितलं की आता मीठ मिळायचं बंद होणार. काका घरी आले ते मिठाचं पोतं खांद्यावर घेऊन. तानुकाकूंनी पोत्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि ते पोतं कणगीमागं ढकललं.

अशा माणसाच्या हातात फोन आला.

तो आणला त्यांच्या मुलानं, महारुद्रनं. तो परभणीला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यानं वडिलांना एक फोन घेतला आणि वालूरला सासऱ्यांना एक. अगदी सारखे. रंग निळा, मागं मोराचं कव्हर. एकाचा भारी आणि दुसऱ्याचा हलका असं झालं असतं तर दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फिरवली असती, हे त्या पोराला बरोबर कळलं होतं. दोघांही म्हाताऱ्यांना कुलपाचा आकडा ध्यानात राहीना, म्हणून दोन्ही फोन उघडेच ठेवले. सून शिवकन्या हिनं सासऱ्याला फोनशी बोलायला शिकवलं. "मामा, हितं बोट ठिवायचं आन काय पायजे ते म्हणायचं."

काकांनी बोट ठेवलं आणि मनातलं होतं ते बोलले, "माझी टाच दुखायली."

लगेच एक पांढऱ्या कोटातला माणूस हजर झाला. गळ्यात नळी, आवाज खणखणीत. "सकाळी टाच दुखते? सावधान! हा किडनीचा इशारा असू शकतो!" आणि तो ठासून बोलत होता.

काकांनी तो व्हिडिओ पुरता पाहिला. परत पाहिला. मग खालून दुसरा आला, त्यात किडनीबरोबर लिव्हर होतं. तिसऱ्यात एक बाई सांगत होती की रात्री वांगं खाणारे लोक आतून कुजतात. दिवस जात गेले तसा काकांच्या ताटातून एकेक पदार्थ हद्दपार व्हायला लागला. वांगं गेलं, चहा गेला, ज्वारीची भाकरी गेली. मग एके दिवशी मीठ गेलं. पोतंभर मीठ घरात, आणि घरधनी अळणी! तानुकाकू दुधी उकडून उकडून बेजार झाल्या.

काकूंनीच त्यांना हाताला धरून झरीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं पाय पाहिला, बीपी पाहिला, रक्तलघवी तपासली. सगळं बरोबर. शेवटी त्यानं काकांची चप्पल उचलून उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "टाचेचं रबर पार झिजलंय. चप्पल बदला."

काका घरी आले ते तणतणत. "येवढा शिकलेला माणूस, आन चपला बघायलाय!"

"बरोबर सांगितलं की त्यानं," काकू म्हणाल्या.

"त्यो एकला हाय. हितं रोज दहा-दहा डाक्टर सांगायलेत. समदे खोटं बोलतील का? आन माझ्याच टाचेचं बोलायलेत. माझी टाच दुखायली हे त्यास्नी कसं कळलं, सांग बरं?"

काकांना मनापासून वाटायचं की कुठंतरी मोठ्या शहरात पाच-पन्नास डॉक्टर रोज सकाळी उठून त्यांच्याच तब्येतीची फिकीर करतात.

पुढं पुढं काकांना लोकांच्याही तब्येती दिसायला लागल्या. किराणा दुकानाच्या ओट्यावर कुणी राम राम घातला की काका त्याचं बोट धरून नख उजेडात बघायचे. "नख पिवळं दिसायलंय. जपा." माणसं लांबूनच वळसा घालून जायला लागली. काकांना त्यातही आजार दिसायचा. "गावात चिडचिड लय वाढलीय. लिव्हरचं लक्षण हाय."

शिवकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली. सव्वा महिन्यानं वालूरला बारसं ठेवलं, तेव्हा काकूंनी शेजारीण म्हणून मलाही नेलं. शिवकन्येचे वडील रंगनाथ म्हणजे ऐसपैस माणूस. पोट मोठं, शेती मोठी, हसणं त्याहून मोठं. ते हसायला लागले की खांद्यावरचा टॉवेल घसरून खाली पडायचा आणि तो उचलताना ते पुन्हा हसायचे. पंगतीत पुरणपोळीवर तूप वाढायला ते स्वतः आले.

काकांनी ताटावर हात धरला. "नगं. मैदा, साखर, तूप, तिन्ही जहर. उकडलेला दुधी आसंल तर बघा."

सोयऱ्याच्या दारात, नातीच्या बारशाला, पुरणपोळीला जहर! काकूंनी पदर तोंडात कोंबला. पण रंगनाथ हसले, टॉवेल पडला, आणि ते म्हणाले, "इवाई, दुधी आमी बैलाला बी घालीत न्हाई." व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात. काकांनी रागानं व्याह्याच्या डोळ्याखालची सूज मोजली.

जेवणाच्या वेळी दोन्ही फोन एकाच फळीवर चार्जिंगला लावले होते. परतीच्या जीपमध्ये आम्ही बसलो, आणि बोरीच्या पुढं काकांच्या खिशातला फोन वाजला.

"कोन बोलायलंय?" काकांनी विचारलं.

"मी रंगनाथ. तुमच्या फोनावरून बोलायलो. माझा तुमच्याकडं गेलाय."

"मग आता?"

"राहू द्या की. आठ दिवसानं पोरीला घालवायला येनारच हाय मी. तवा बदलू. कुनाचा फोन आला तर सांगू एकमेकाला."

घरी आल्यावर काकांनी हातपाय धुतले आणि डॉक्टर बघायला फोन उघडला. डॉक्टर नव्हतेच. शंकरपटाच्या शर्यतीतली बैलजोडी सुसाट सुटली होती. बोटानं वर सरकवलं, तर कुस्ती. आणखी सरकवलं, तर एक माणूस चुलीवर मटण परतत होता आणि मधूनच चटका बसून बोट तोंडात घालत होता. मग हत्तीचं पिल्लू चिखलात घसरायला लागलं.

"डाक्टर कुठं गेले?" काका हवालदिल झाले. "आगं, समद्या डाक्टरांनी संप केला का काय?"

पहिले दोन दिवस ते बेचैन होते. आज कोणता अवयव बिघडला ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी भाकरी करत होते, आणि शेजारून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. पाठोपाठ तानुकाकू धावत आमच्या दारात. चेहरा पांढरा. "चल गं लवकर. ह्यास्नी काहीतरी झालंय. हसायलेत!"

आम्ही जाऊन पाहिलं. काका बाजेवर बसून डोळे पुसत होते. हत्तीचं पिल्लू पुन्हा पुन्हा घसरत होतं आणि काका पुन्हा पुन्हा ते बघत होते. आम्हाला बघून म्हणाले, "कसं पडतंय बघा बेनं!" आणि मग म्हणाले, "वांगं हाय का गं घरात?"

बोललं तर मोडेल अशा भीतीनं काकू नुसत्या आत गेल्या आणि वांगं चिरायला बसल्या. त्या आठवड्यात चहा परत आला, भाकरी परत आली, मीठही आलं. काका ओट्यावर जाऊन बसले. नख बघायचं विसरूनच गेले आणि कुठल्या पटात कोणाचे बैल धावले ते सांगत राहिले. लोक आपण होऊन जवळ सरकले.

तिकडं वालूरची गोष्ट मात्र वेगळी होती. शिवकन्येचा फोन काकूंना आला. "मामी, अण्णाला काय झालंय कळंना. जेवायलेच न्हाईत. रोज आरशात जीभ बघायलेत. काल आईला म्हणले, माझ्यामागं बैल इकू नका."

आठ दिवसांनी शिवकन्या बाळाला घेऊन आली. मागून रंगनाथ उतरले. टॉवेल खांद्यावर होता, पण तो पडेल असं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. पोट तेवढंच, तरी माणूस निम्मा वाटत होता. काकूंनी चहा पुढं केला तर त्यांनी हात जोडले. "साखर नगं, दूध नगं. नुसतं कोमट पानी द्या."

मग ते काकांकडं वळले. "इवाई, एक विचारू? ह्या फोनात राहून तुमी येवढे दिस जगलात कसे?"

"आसं कामून म्हणता?"

"आवं, छातीत दुखलं तर हार्ट. न्हाई दुखलं तर त्यो आनखी मोठा धोका! मानसानं जावं कुठं? माझा फोन द्या आन मला मोकळं करा."

काकांनी खिशावर हात ठेवला. "आसू द्या की आनखी आठ दिस. घाई काय हाय?"

"न्हाई, न्हाई. माझा मला द्या."

"पावन्याला आसं लगेच रिकाम्या हातानं लावावं का? ऱ्हावा, जेवा, मग बघू."

"इवाई, मी तुमच्या पाया पडतो!" आणि रंगनाथ खरंच वाकले. मुलीचा बाप असा वाकल्यावर काकांना लाजेनं फोन काढून द्यावाच लागला. रंगनाथांनी तो उघडला, एक बैलजोडी पाहिली, आणि मोठा श्वास घेऊन कोमट पाणी बाजूला सारलं. "ताई, चहा चालंल."

काकांनी स्वतःचा फोन हातात घेतला तो विंचू धरल्यासारखा. "शिवकन्ये, दोन्ही फोन एका दुकानातले. मग ह्यात समदे आजार आन त्यात समदी मजा, आसं कसं?"

शिवकन्या बाळाला पायावर घेऊन बसली होती. म्हणाली, "मामा, पंगतीत तुमी एकदा भात चांगला झालाय म्हणलं की वाढपी काय करतो? भाताचंच टोपलं घिऊन तुमच्या मागं लागतो. फोन तसाच हाय. तुमी कशावर थांबलात ते त्यो बघतो, आन तेच वाढतो. अण्णा बैलावर थांबले, तुमी टाचेवर."

"म्हंजी ते डाक्टर मला वळखत न्हाईत?"

"न्हाई मामा. ते कुनालाच वळखत न्हाईत. तुमी बघत बसलात की मधी जाहिराती येतेत, आन कंपनीला पैसे मिळतेत. तुमी भिऊन बघा न्हाईतर हसून बघा, तिला सारखंच."

आजारी नाही याचा आनंद व्हायला हवा होता, पण काकांचा चेहरा उतरला होता. एवढे डॉक्टर रोज आपली चौकशी करत होते, आणि त्यातल्या एकालाही आपलं नाव ठाऊक नाही! मग त्यांना राग आला. "आता ह्या फोनाला मीच वळन लावतो."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी फोनला शिकवायला घेतलं. पांढरा कोट दिसला की ते डोळे मिटून मान भिंतीकडं फिरवायचे. शेळ्या दिसल्या की फोन ऐकेल इतक्या मोठ्यानं म्हणायचे, "वा! वा! काय शेरडं हायेत! लय भारी!" मान फिरवताना बोटानं सरकवायचं मात्र विसरायचे. डॉक्टर भिंतीकडं बघणाऱ्या काकांना सगळं सांगून टाकायचा. शिवकन्येनं मग मान न फिरवता नुसतं सरकवायला शिकवलं.

हळूहळू डॉक्टर पांगले. शेळ्या आल्या. राजस्थानातल्या शेळ्या, पंजाबातल्या लांब कानवाल्या शेळ्या, झाडावर चढणाऱ्या कुठल्या कुठल्या शेळ्या. काका खूश होते. आणि मग एके दिवशी खणखणीत आवाज आला, "तुमची शेळी एका कुशीवर बसते? सावधान!"

"एकदाच बघतो," काका म्हणाले.

आठवडाभरात गोठ्याचा दवाखाना झाला. काका एकेका शेळीच्या पापण्या उलटून बघायचे, पोटाला कान लावून बसायचे, लेंड्या काडीनं फोडून बघायचे. गुरांच्या डॉक्टरांना त्यांनी इतके फोन केले की शेवटी ते बिचारे म्हणाले, "काका, शेळ्या ठीक आहेत. त्यांना जरा झोपू द्या."

शिवकन्या हसून हसून दमली. "मामा, मी म्हणलं नव्हतं का, तुमी जिथं थांबाल तिथंच त्यो थांबनार."

"मी कुठं थांबायलो? त्योच दाखवायलाय."

हे ऐकून तानुकाकू चुलीपासून उठल्या. "आना तो हिकडं. दिवसा माझ्यापाशी ऱ्हाईल. संध्याकाळी दोघं मिळून बघू."

तेव्हापासून तसंच चाललंय. संध्याकाळी अंगणात काकू नातीला मांडीवर घेऊन बसतात, फोन त्यांच्या हातात, काका शेजारी. सरकवायचं काम काकूंचं. काकूंना कशातच गोडी लागत नाही. डॉक्टर आला, "फुडं." हिरोईन नाचली, "फुडं." समुद्र आला, केक आला, चीनची रेल्वे आली, कुणाचं तरी लग्न आलं, "फुडं, फुडं." फोन रोज नवीन काहीतरी घेऊन येतो. कधी स्वेटर विणणारी बाई, कधी विमानाचा कारखाना, कधी परदेशातल्या भाषेतलं भांडण. काकूंचं बोट थांबत नाही. काका ओरडतात, "आगं, मला तरी बघू दे!" मग त्यावरून दोघांचं वाजतं. त्यातून गोष्ट पाण्याच्या मोटरवर जाते, मोटरीवरून महारुद्रकडं, आणि फोन बाजेवर उपडा पडून राहतो.

मी एकदा काकूंना विचारलं, "काकू, तुम्हाला काहीच कसं आवडत नाही त्यातलं?"

काकू नातीचं टोपडं बांधत म्हणाल्या, "त्याला अजून कळलं न्हाई गं, मला काय पायजे ते." गाठ मारून त्याच पुढं म्हणाल्या, "आन मलाच कुठं ठावं हाय?"