उंटवाला हाजी आणि मागची सीट

ड्रायव्हर लोकांकडे किस्से मागच्या सीटवरून येतात. सांगणारा उतरून जातो, किस्सा गाडीतच राहतो. सौदीतल्या अल खर्जच्या एका डेअरीत मी म्हाताऱ्या अमेरिकन इंजिनियरची गाडी चालवायचो. साहेबाची बायको वारलेली, माझीही. तो बोलायचा, मी ऐकायचो. संध्याकाळी खोलीवर तेच मी दाऊदभाईला सांगायचो. दाऊदभाई मेसचा कुक, माझ्यासारखाच रत्नागिरीकडचा.

एकदा साहेब म्हणाला, त्याच्या मुलखात तळी गोठली की लोक बर्फ करवतीने कापायचे, भुशात गुंडाळायचे आणि जहाजाने थेट मुंबईला पाठवायचे. फ्रिज यायच्या कितीतरी आधी.

दाऊदभाई म्हणाला, "महिनोन्महिने दर्यात राहून बर्फ पोचला? माझा हापूस विमानाने येतो, तरी काळा पडतो."

मग बोस्टनचा किस्सा. तिथे काकवीची भलीमोठी टाकी फुटली. घरं पडली, माणसं त्या काकवीत बुडून मेली.

दाऊदभाईला शुगर. चहात साखर टाकता टाकता थांबला. "डॉक्टर मला हेच सांगत होता."

पुढे नवा नियम आला. ड्रायव्हरच्या जागी सौदी माणूस ठेवायचा. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यू होणार नाही, असं ऑफिसात सांगितलं.  परत येताना साहेबाने उंटांचं सांगितलं. फार पूर्वी अमेरिकेच्या फौजेला तिथल्या वाळवंटातून सामान न्यायला उंट हवे होते. ते जहाजाने नेले, सोबत या बाजूचे उंटवालेही नेले. त्यांत एक हाजी होता. पुढे फौजेला उंट नकोसे झाले. काही विकले, काही रानात सोडले. हाजी तिथेच राहिला, तिथेच मेला.

"त्याला घरी का नाही धाडलं?" दाऊदभाईने विचारलं.

"घरी कोण असेल त्याचं?" मी म्हटलं.

दाऊदभाईने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ताटात माशाची अजून एक तुकडी वाढली.

जायच्या दिवशी साहेब स्वतः मला विमानतळावर सोडायला निघाला. गाडी तुर्की नावाचा नवा सौदी ड्रायव्हर चालवत होता. चांगला माणूस. माझी बॅग त्यानेच उचलली. आमच्या लोकांचं ऐकून तोही मला चाचा म्हणायचा. मी पहिल्यांदाच मागे बसलो, साहेबाच्या शेजारी.

"आज तू सांग," साहेब म्हणाला.

मी हाजीचाच किस्सा सांगितला, मोडक्यातोडक्या अरबीत, तुर्कीलाही कळावा म्हणून.

तुर्कीने विचारलं, "चाचा, सोडलेल्या उंटांचं काय झालं?"

"बरीच वर्षं दिसायचे म्हणे. माणूस दिसला की थांबून बघत राहायचे."

समोर सिग्नल लाल झाला. तुर्कीच्या आधी माझाच पाय खालच्या मॅटवर ब्रेकसारखा दाबला गेला. साहेबाने ते बघितलं आणि खिडकीकडे तोंड वळवलं.