आजोबांची टाच

मुलांनो, काल व्हिडिओवर आजोबांचा जाडजूड बूट पाहून तुम्ही हसलात, म्हणून आज लिहिते. मधुमेहामुळे त्यांच्या टाचेची जखम चार महिने भरत नव्हती आणि दुखतही नव्हती. मी प्रेमाने रोज हळद भरून ती उन्हात उघडी ठेवत असे. शेवटी पाय जाईल या भीतीने जखमांच्या खास दवाखान्यात गेलो.

सिस्टर म्हणाल्या, "आजी, हळद भाजीत घाला. जखम झाकलेली, ओलसर राहू दे. टाचेवर भार नको."

दर आठवड्याला त्या कागदी पट्टीने जखम मोजत. आजोबा विचारत, "किती उरली?" मायेलाही शिकवणी लागते, हे मला तिथे बसून कळलं.

आता टाचेवर चिंचोक्याएवढा वण आहे. पाय शाबूत आहे. टाचेवर पुन्हा भार येऊ नये, म्हणून तो जाडजूड बूट.